टब नको, बेअरिंग द्या : घरगुती उपकरणे बनवणाऱ्या कंपन्यांना खुले पत्र

प्रति,
रचना विभाग, सुटे भाग विभाग आणि ग्राहकसेवा विभाग,
घरगुती उपकरणे बनवणाऱ्या सर्व कंपन्या

विषय : बिघडणारा भाग सुटा मिळण्याबाबत

स. न. वि. वि.

फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या सुट्या भागांच्या याद्या आम्हाला रोज चाळाव्या लागतात. त्या याद्यांतून बेअरिंग आणि ऑइल सील (बेअरिंगपर्यंत पाणी जाऊ न देणारे रबरी कडे) या दोन ओळी मॉडेलमागून मॉडेल गायब होत चालल्या आहेत. त्यांच्या जागी एकच ओळ येते : टब असेंब्ली, पूर्ण. म्हणजे आतला स्टीलचा ड्रम, त्यामागचा स्पायडर (ड्रमला शाफ्टशी जोडणारा तीन हातांचा भाग), बाहेरचा प्लास्टिकचा टब, दोन बेअरिंग आणि सील, सगळे एकत्र. बिघडलेली असतात ती बेअरिंग आणि सील. घ्यावे लागते जवळजवळ अर्धे मशीन. ग्राहक आकडा ऐकतो आणि मशीन भंगारात देतो.

आम्ही एकट्यादुकट्याने चालवायची दुरुस्तीची दुकाने सांभाळणारे कारागीर आहोत. आमचे पोट या कामावर आहे, ते लपवायचे कारण नाही. पत्र उघडपणे लिहिण्याचे कारण मात्र वेगळे आहे. ‘हे आता दुरुस्त होत नाही’ हे ग्राहकाला आमच्या तोंडून ऐकावे लागते, आणि तसे का होत नाही हे तुमच्या रचनेच्या नकाशात ठरलेले असते. ते ग्राहकालाही कळले पाहिजे.

बेअरिंगपासूनच सुरुवात करू, कारण तिथे सगळे स्पष्ट दिसते. ड्रमच्या बाजूला मोठे आणि पुलीच्या बाजूला लहान अशी दोन बेअरिंग असतात; ६२०६ आणि ६२०५, किंवा ६२०५ आणि ६२०४ ही जोडी सर्रास सापडते. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२, जाडी १५. जगात कुठेही हेच माप, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळणारे. पण आधी बेअरिंग जात नाही, आधी सील जाते. सीलची रबरी कड शाफ्टवरच्या बुशवर, म्हणजे धातूच्या कड्यावर, घासत फिरते. पावडरचा थर, क्षार, केस यांनी ती झिजते, कडक होते आणि थेंबथेंब पाणी पहिल्या बेअरिंगमध्ये उतरते. ग्रीस पांढरट होऊन धुपते, गोळ्यांना गंज धरतो, स्पिनला घरघर सुरू होते. त्याच वेळी हात घातला तर सील आणि दोन बेअरिंग एवढ्यात काम भागते. तसेच चालवत राहिले तर मागचे बेअरिंगही जाते, शाफ्ट डगमगतो आणि ड्रम टबाला घासू लागतो.

ओळखायची खूणही सोपी आहे. मशीन बंद करा, दार उघडा, ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. टबासकट सगळे झुलले तर ते स्प्रिंगवरचे नेहमीचे झुलणे आहे. टब जागेवर राहून नुसता ड्रम हलला तर बेअरिंग गेले. ग्राहकाने घरी एवढे तपासले तरी वेळेवर दुरुस्ती होऊ शकते.

आता स्क्रूचा टब आणि जोड वितळवून बंद केलेला टब यातला फरक पाहा. स्क्रूचा टब असेल तर दोन अर्धे सुटे होतात, मध्ये रबरी गॅस्केट असते. पुली काढायची, बोल्ट अर्धा परत लावायचा आणि त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ठोके द्यायचे, म्हणजे शाफ्टचे आटे बिघडत नाहीत. जुनी बेअरिंग आतून ठोकून बाहेर, नवी बाहेरच्या कड्यावरच दाब देऊन आत. बुश बारीक पॉलिश पेपरने साफ करून त्यावर नख फिरवायचे. नख अडकले तर चर पडली आहे आणि नवे सीलही महिन्याभरात गळेल. सीलच्या कडेत पाण्याला टिकणारे ग्रीस भरायचे. स्पायडरचे तीन हात तपासायचे, कारण अल्युमिनियमला साबणाच्या क्षाराने खड्डे पडतात. तीन-चार तासांचे काम, आणि मशीन पुन्हा वर्षानुवर्षे चालते.

बंद टबाला आम्ही करवत लावतो. जोडाच्या कडेला आधी दर ५ सेमीवर बारीक भोके पाडून घ्यायची, म्हणजे नंतर दोन्ही अर्धे होते तसेच जुळतील. मग जोडावरून चौफेर कापायचे, भुसा पूर्ण काढायचा नाहीतर तो पंपात जातो. आतले काम झाल्यावर सिलिकॉनची सलग रेघ, भोकांतून ४ मिमीचे बोल्ट, २४ तास वाळवण आणि मशीनमध्ये चढवण्याआधी पाणी भरून चाचणी. वेळ दुप्पट लागतो. एवढे करून गळती झालीच तर भरपाई आमच्या खिशातून. शिवाय सील तुमच्याच खास मापाचे. ते तुम्ही सुटे विकत नाही, म्हणून मिळेल ते डुप्लिकेट घालावे लागते. सगळ्यात महत्त्वाचा तुकडा सगळ्यात कमी भरवशाचा, अशी ही परिस्थिती.

तुमची बाजू आम्हाला समजते. वितळवून जोडलेला टब पटकन बनतो, मजबूत असतो, त्याच्या जोडातून गळत नाही. मिनिटाला १४०० फेऱ्यांवर २४ सेमी त्रिज्येच्या ड्रमच्या काठाशी गुरुत्वाच्या पाचशेपट जोर येतो, तेव्हा जोड पक्काच हवा. पण स्क्रू आणि गॅस्केटचे टब याच वेगाने वर्षानुवर्षे फिरत आले आहेत. त्यांची बेअरिंग आम्ही बदललेली आहेत आणि जोड गळलेले नाहीत. म्हणून ‘पर्याय नव्हता’ हे आम्हाला पटत नाही.

युरोपीय संघात १ मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनसाठी नियम आहे. मॉडेलचे शेवटचे मशीन बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षे ठरावीक सुटे भाग व्यावसायिक दुरुस्तीवाल्यांना मिळाले पाहिजेत, आणि मागणीनंतर १५ कामकाजाच्या दिवसांत पोचले पाहिजेत. यादीत ड्रम, स्पायडर आणि त्यांची बेअरिंग आहेत. पण त्याच ओळीत पुढे मुभा आहे : सुटे किंवा एकत्रित. त्या ‘एकत्रित’मध्ये सगळा नियम गळून जातो. टब असेंब्ली उपलब्ध ठेवली की कागदावर बेअरिंगही उपलब्ध ठरते. आमची मागणी नेमकी इथे आहे. ‘किंवा एकत्रित’ काढा, भाग सुटेच द्या.

दुसरी तक्रार कार्डाची. टॉप लोड मशीनचे कंट्रोल कार्ड, म्हणजे मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, तुम्ही प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवून वरून रेझिन ओतता. ओलावा, वाफ आणि झुरळे यांपासून बचाव होतो, हे खरेच आहे. पण त्या रेझिनखाली काय मरते ते पाहा. वीज जिथून आत येते तिथे फ्यूज आणि त्यापाठोपाठ व्हॅरिस्टर असतो. व्होल्टेज अचानक चढले की व्हॅरिस्टर ते स्वतःवर घेतो, शॉर्ट होतो, फ्यूज उडतो आणि बाकीचे कार्ड वाचते. तो बसवलेलाच असतो बाकीच्यांसाठी मरायला. त्यालाच तुम्ही बदलता येणार नाही अशा जागी पुरता. मग वाचलेले कार्डही फेकावे लागते.

रेझिनखालचे इतर बिघाडही असेच किरकोळ असतात. प्लग लावताच ड्रेन पंप चालू होऊन थांबतच नसेल तर त्याचा ट्रायॅक (पंप चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट असतो. हीटर किंवा मोटर मधूनच चालत असेल तर रिलेचे पॉइंट जळलेले असतात. मशीन थंड असताना सुरूच होत नाही, हेअर ड्रायरने कार्ड कोमट केले की चालते, असे असेल तर सप्लायच्या कपॅसिटरचा ईएसआर, म्हणजे आतला रोध, वाढलेला असतो. साध्या मीटरवर त्याची कपॅसिटी ठीकच दिसते, त्यामुळे नवखा माणूस फसतो. उघड्या कार्डावर ही कामे अर्ध्या तासाची आहेत. मऊ सिलिकॉन असेल तर लाकडी काडीने उकरून तिथवर पोचता येते. कडक इपॉक्सी मात्र निघताना पार्ट आणि तांब्याची पट्टी दोन्ही घेऊन निघते.

उपाय अवघड नाही. प्रोसेसरचा भाग खुशाल बुडवा. फ्यूज, व्हॅरिस्टर, सप्लायचे कपॅसिटर, रिले आणि ट्रायॅक यांची वेगळी लहान पट्टी करा, तिला ओलाव्यापासून वाचवणारा पातळ लेप द्या आणि कनेक्टरने जोडा.

फ्रिजमध्ये हेच दुसऱ्या रूपात दिसते. नो-फ्रॉस्ट फ्रिजमध्ये वर बर्फ होतो आणि खालचा कप्पा गरम राहतो, ही रोजची तक्रार. फ्रीझरच्या आतल्या भिंतीमागची थंड करणारी जाळी बर्फाने भरलेली असते, हवा खाली येत नाही. डिफ्रॉस्टचा (बर्फ वितळवणारा) हीटर, बायमेटल (तापमानानुसार चालू-बंद होणारा स्विच), थर्मल फ्यूज आणि सेन्सर हे चार ओळीने तपासायचे. २३० व्होल्टचा १५० वॅटचा हीटर सुमारे ३५० ओम दाखवतो. सेन्सर बर्फ-पाण्याच्या भांड्यात बुडवून शून्य अंशाला मोजतात. पण शून्याला तो किती ओम दाखवायला हवा? प्रत्येक कंपनीचा आकडा वेगळा, आणि तो तक्ता तुम्ही देत नाही. एका ओळीच्या माहितीवाचून चांगले कार्ड बदलले जाते. त्यातही काही फ्रिजमध्ये सेन्सर फोमच्या आत ओतलेला असतो. तो काढायचा तर भिंत फोडावी लागते, म्हणून आम्ही नवा सेन्सर पृष्ठभागावर बसवून वायर जोडतो. तसाच बसवायचा होता तर मुळातच उघडता येणाऱ्या झाकणामागे क्लिपमध्ये का नाही?

गॅसचे तर विचारूच नका. आर-६००ए हा फ्रिज थंड करणारा गॅस ज्वलनशील आहे आणि घरगुती फ्रिजमध्ये तो थोडाच लागतो. ५० ग्रॅमच्या सिस्टीममध्ये ५ ग्रॅमची चूक म्हणजे दहा टक्के. तो अंदाजाने नव्हे, काट्यावर तोलून भरायचा असतो, आणि किती भरायचा हे मागच्या स्टिकरवर लिहिलेले असते. स्टिकर वाचता आले तर.

स्टिकरची तक्रार क्षुल्लक वाटेल, पण आमच्या कामाचा किती वेळ तो खातो याची तुम्हाला कल्पना नसावी. मॉडेल नंबर, सिरियल नंबर, गॅसचे वजन, वॅट हे सगळे तुम्ही पातळ कागदावर छापता आणि वॉशिंग मशीनवर तर तो कागद दाराच्या कडेला, जिथे साबणाचे पाणी ओघळते, तिथे चिकटवता. पाच-सहा वर्षांनी तो पांढरा पडतो. पुढे मागणी नोंदवताना तुमचाच विभाग सिरियल नंबरशिवाय पार्ट देत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये तीन प्रकारची कार्डे बसवलेली असतात. हा नंबर पत्र्यावर कोरा.

चौथी तक्रार कुलुपांची. काही मशीनमध्ये नवे मूळ कार्ड बसवले तरी ते चालत नाही, कारण ते कोरे येते. कोणता ड्रम, कोणती मोटर, किती किलो, हे त्यात भरायचे सॉफ्टवेअर फक्त अधिकृत केंद्राकडे. पार्ट विकला, पण चालू करायची चावी ठेवून घेतली. एरर कोडचेही तसेच. एकच कोड एका कंपनीत पाणी न आल्याचा, दुसरीत दार न लागल्याचा, आणि सर्व्हिस मोडमध्ये जायची बटणे कुठेही लिहिलेली नाहीत. युरोपीय संघाच्या २०२४ च्या दुरुस्ती निर्देशात सबळ कारणाशिवाय करारातल्या अटी, हार्डवेअर किंवा सॉफ्टवेअर वापरून दुरुस्ती अडवायला मनाई आहे, आणि सदस्य देशांनी तो ३१ जुलै २०२६ पासून लागू करायचा आहे. तिथे कायद्यापोटी जे उघडणार आहात ते इतर ग्राहकांसाठी बंद ठेवायला काय कारण उरते?

माहिती न देण्याचे कारण म्हणून तुम्ही सुरक्षितता पुढे करता. त्याला उत्तर मायक्रोवेव्हचे. त्यातला उच्च व्होल्टेजचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जिवावर बेतेल एवढा विद्युतभार धरून राहू शकतो. आत चार्ज उतरवणारा रेझिस्टर असतो, पण तो आतून तुटला असेल तर बाहेरून कळत नाही. म्हणून भार उतरवून, मोजून, मगच हात घालायचा. याच ओव्हनमध्ये दार उघडताच फ्यूज उडतो, असा एक बिघाड येतो. अनुभवी माणूस दाराचे स्विच बघतो : मुख्य स्विच चिकटला की देखरेखीचा स्विच मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो, म्हणजे दार उघडे असताना ओव्हन चालणार नाही. ज्याला हे माहीत नाही तो फ्यूज बदलतो, पुन्हा उडतो, मग जाड फ्यूज घालतो. पुढे काय होऊ शकते ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. सर्किटचा कागद बाहेरच्या पत्र्याच्या आत चिकटवलेला असता तर त्याने स्विच बदलला असता. धोका त्या कागदाने वाढत नाही, तो नसल्याने वाढतो.

वॉरंटीबद्दल थोडक्यात. मोटरवर दहा वर्षे, कॉम्प्रेसरवर दहा वर्षे अशी मोठी अक्षरे असतात. मोटर आणि कॉम्प्रेसर मुळातच कमी बिघडतात. जे बिघडते ते सील, कार्ड, सेन्सर, फॅन. त्यांची मुदत लहान असते. आणि कॉम्प्रेसर मोफत मिळाला तरी गॅस, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारा फिल्टर), मजुरी बहुतेक वेळा वेगळी लागते. हे छोट्या अक्षरांत नको, पहिल्या पानावर हवे.

या सगळ्याचा छोट्या दुकानावर होणारा परिणाम सरळ आहे. एका खणात बेअरिंगच्या कितीतरी जोड्या मावतात. चार टबांनी खोली भरते. टब भरून ठेवता येत नाही, म्हणून तो मागवावा लागतो, म्हणून ग्राहकाकडे दोन खेपा होतात, मधले दिवस मशीन बंद. निदानाला लागलेला वेळ भाव ऐकून ग्राहक मागे फिरला की फुकट. नवी मुले हे काम शिकायला तयार होत नाहीत, कारण शिकायला उरते ते फक्त ‘असेंब्ली बदला’.

आमच्यातही चुका आहेत, त्या आम्ही झाकणार नाही. थर्मल फ्यूज डायरेक्ट करणे (त्याला वगळून वायर थेट जोडणे), अर्थिंगची वायर न जोडता पत्रा बंद करणे, न बदललेल्या पार्टचे बिल लावणे हे आमच्या धंद्यात चालते आणि ते थांबले पाहिजे. पार्ट आणि माहिती मिळणार असेल तर आमच्याकडून एवढे लेखी घ्या : काढलेला पार्ट ग्राहकाच्या हातात देऊ, बिलावर पार्ट नंबर लिहू, संरक्षणाचा कुठलाही पार्ट डायरेक्ट करणार नाही, आणि धातूच्या बॉडीचे प्रत्येक उपकरण परत देण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (विजेची गळती रोखणारे आवरण तपासायच्या मीटरने) तपासू. किमान १ मेगाओम आणि अर्थ सलग असल्याशिवाय ते दुकानाबाहेर जाणार नाही.

मागण्या :

१. बेअरिंग, सील, स्पायडर आणि गॅस्केट सुटे विका. नव्या मॉडेलचा टब स्क्रूने उघडणारा करा. जे बंद टब आधीच विकले आहेत त्यांचे सील तरी लगेच सुटे द्या.

२. कार्डाची वीज येणारी बाजू रेझिनबाहेर ठेवा.

३. फ्रिजचा कुठलाही सेन्सर फोममध्ये पुरू नका.

४. सर्किट डायग्राम, एरर कोड, सर्व्हिस मोड आणि सेन्सरचे तापमान-ओम तक्ते प्रत्येक मॉडेलसोबत खुले करा. अधिकृत केंद्राला जे मिळते तेच, त्याच दिवशी.

५. मूळ पार्ट बसवल्यावर तो चालू करायला कंपनीची परवानगी लागू नये.

६. मॉडेल, सिरियल आणि गॅसचे वजन न पुसणाऱ्या पट्टीवर, कोरडी राहणाऱ्या जागी.

७. शेवटचे उपकरण विकल्यापासून किमान १० वर्षे सुटे भाग, कुणालाही, एक नगही, आणि त्यांचे भाव आधीच जाहीर.

यातल्या पहिल्या मागणीतले बंद टबाचे सील, चौथी मागणी आणि सातवी मागणी यांसाठी साचा बदलावा लागत नाही. बंद टबाचे सील, तक्ते आणि भावपत्रक तुमच्या गोदामात आणि संगणकात आजही आहेत. या पत्राचे उत्तर निवेदनातून नको. पुढची सुट्या भागांची यादी निघेल तेव्हा तिच्यात ‘बेअरिंग’ आणि ‘ऑइल सील’ या दोन ओळी आम्ही शोधणार आहोत.

आपले,
घरगुती उपकरणे दुरुस्त करणारे कारागीर